शून्य हातानं घालायचं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर हरभऱ्याचा ढाळा खाल्ला. बांधावर बसून. मी चार झाडं उपटून आणली, तिनं मांडीवर घेतली. ती घाटे सोलायची, एक दाणा स्वतःच्या तोंडात आणि एक माझ्या हातावर, असं चाललं होतं. पानांची आंब लागून बोटं चुरचुरत होती. ती म्हणाली, यंदा दाणा बारीक आहे. मी म्हणालो, "कशापेक्षा?" हा तिचाच प्रश्न, तिलाच परत दिला. ती हसली आणि हातातलं टरफल माझ्या अंगावर टाकलं. ऊन उतरलं तसे उठून घरी आलो. एवढंच. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष आहे असं कळलं असतं तर मी आणखी जरा बसलो असतो.

गाव तिला बाई म्हणायचं. आमच्या हायस्कुलात ती पाचवी ते सातवीला गणित आणि भूगोल शिकवायची. चारचौघांत मीही तिला बाईच म्हणायचो, घरात तू. मी स्वतः चौथी शिकलेला, त्यातलीही निम्मी शाळा गुरांमागं गेली. लग्न झालं तेव्हा ती माझ्यापेक्षा शिकलेली होती आणि लग्नानंतर आणखी शिकली. तिच्या बापानं लग्नाआधीच तशी अट घातली होती. मी हो म्हणालो, कारण मला वाटलं पोरगी दमेल आणि सोडून देईल. ती दमणाऱ्यातली नव्हती.

ती गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, बाई देवमाणूस होत्या. देव वगैरे काही नव्हती. देवाचं आमच्या घरात तसंही काम नाही, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव नदीत सोडले. बाई हट्टी होती. भाजी अळणी करायची, आणि अळणी झाली म्हटलं की विचारायची, कशापेक्षा. लई ऊन आहे म्हटलं, कशापेक्षा. रस्ता खराब, कशापेक्षा. नुसतं मोठं, नुसतं लहान, नुसतं वाईट असं तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. माझे पाव्हणे तिच्याशी बोलताना सांभाळून बोलायचे. लेकीच्या लग्नात ती हिरवं लुगडं नेसली होती. मी मांडवामागं गाठून म्हणालो, चांगली दिसतीस. तिनं विचारलंच. मी म्हणालो, "कालच्यापेक्षा." ते उत्तर तिला बरोबर वाटलं. लेक सासरी चालली होती तरी बाई दिवसभर खुशीत होती.

दुसरी तिची खोड म्हणजे काड्या उभ्या करणं. मुलांना स्तंभालेख शिकवायचा तर ती फळ्यावर काढायची नाही. घरून ज्वारीची धाटं न्यायची, वर्गात कापायची आणि भिंतीला लावून उभी करायची. सोमवारी जेवढी पोरं आली तेवढं लांब धाट, मंगळवारी आली तेवढं. तिचं म्हणणं, उभं केलेलं धाट खोटं बोलू शकत नाही, कारण सगळ्यांचं बूड एकाच जमिनीवर टेकलेलं असतं. तेच तिनं आमच्या गोठ्यात चालू केलं. म्हशीनं रोज किती दूध दिलं त्या मापाचं एक धाट कापून भिंतीला लावायची. मी धार काढून बाहेर आलो की पहिलं विचारायची, आज किती. एकदा दावं ढिलं राहिलं आणि म्हशीनं मंगळवारपासून शुक्रवारपर्यंतची सगळी धाटं खाऊन टाकली. मला वाटलं बाई चिडेल. ती म्हशीला म्हणाली, "बरं झालं, शनिवार तरी ठेवलास."

भाकरीचंही तसंच. भाकरी ताटात पडली की सुरीनं फोडी करायची आणि सांगायची, ही एवढी तुमची झोप, ही शेतातली कामं, ही पाणी धरायला, आणि ही चावडीपुढच्या गप्पा. गप्पांची फोड नेहमी मोठी असायची. मी ती आधी खायचो.

वर्तमानपत्रात चित्र आलं, म्हणजे अमक्याची मतं वाढली, तमक्याचा ऊस घटला, असे खांब काढलेलं चित्र, की ती पट्टी घेऊन बसायची. खांब मोजायची. मग पेपर माझ्याकडं वळवायची आणि म्हणायची, "याचं बूड कुठंय?" खालून चित्र कापलेलं असायचं, ते मला पहिल्यांदा कळायचं नाही. ती समजावून द्यायची. दोन माणसं गळ्याएवढ्या पाण्यात उभी आहेत, एकाचं डोकं दिसतं, दुसऱ्याचं नुसतं कपाळ. तुम्ही नुसता पाण्यावरचा भाग बघितला तर वाटतं, हा केवढा उंच आणि तो केवढा बुटका. चालत बाहेर आले तर फरक चार बोटांचा. मला ते पटायचं. पटणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं, हे पुढं कळलं.

तिला रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं राहिली होती तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आला. संस्थेच्या सगळ्या शाळांना मिळून घ्यायचे होते, त्यातला पहिला आमच्या शाळेत बघण्यापुरता. भूगोलाच्या खोलीला पडदे शिवले, फरशी बसवली. आत जायचं तर चपला बाहेर. हेडसर स्वतः चपला काढायचे, मग पोरांची काय कथा. दसऱ्याला शिपायानं मशीनवर झेंडूची माळ चढवली, हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकू त्या बटणांच्या फटीत गेलं. बाईनं दोन दिवस मोरपिसानं झाडून काढलं. ती शिपायाला म्हणाली, पूजा करायची तर टेबलाची कर, त्याला बटणं नाहीत.

मशीनबरोबर चित्रं काढायचे दोन प्रोग्राम आले होते, फ्लॉपीवर. आकडे घातले की त्याचे खांब, रेघा, भाकरीसारख्या फोडी, सगळं मशीनच काढणार. पोरांना गणित आणि भूगोल त्यावर शिकवायचा, असं संस्थेनं ठरवलं होतं. पण कुठला प्रोग्राम घ्यायचा ते एका शिक्षकानं वर्गात वापरून सांगावं आणि लेखी अभिप्राय द्यावा. बाकी शिक्षकांनी पाय मागं घेतले. हेडसरांनी ते काम बाईच्या गळ्यात मारलं. पुस्तकातल्या चित्रांना तुम्हीच नावं ठेवता, म्हणाले, आता बघाच. आणि आडून हेही सांगितलं की नगरच्या कंपनीचा माणूस सेक्रेटरींच्या ओळखीचा आहे, त्याचा रंगीत प्रोग्राम जवळपास ठरलाच आहे, बाईंनी फक्त सही करायची.

बाई सही करीना. ती म्हणाली, "पोरं जन्मभर मशीनची चित्रं बघणार आहेत. पहिलं चित्र कसं बघायचं ते माझ्या हातात आहे. मी न बघता कशी सही करू?"

आणि बघायची तिची रीत अशी, की ती मला बघायला लावायची. हुशार पोराला काय, कसलंही चित्र दाखवा, तो अर्थ लावतो. न कळणाऱ्याला कळतं का ते बघायचं असतं. शाळेत असा माणूस मिळेना, कारण शिक्षकांना कळत नाही असं म्हणवत नाही. म्हणून रविवारी लुनावर मागं बसून ती मला शाळेत न्यायची. म्हणजे गाडी मीच चालवायचो, पण नेत ती असायची. चपला बाहेर काढून मी मशीनपुढं बसायचो. ती आकडे घालायची, मग कागदाच्या तुकड्यानं अक्षरं आणि आकडे झाकायची आणि विचारायची, काय दिसतंय सांगा. मी सांगायचो, हा वाढलाय, हा घटलाय, हे दोघं सारखे. ती मान हलवायची, बरोबर का चूक ते सांगायची नाही. एक प्रोग्राम साधा होता, सपाट खांब, दोन-चार रंग. दुसरा कंपनीचा, त्याचे खांब गोल, चकाकणारे, देवळाच्या खांबासारखे. त्यात चित्र फिरवताही यायचं. खरं सांगतो, मला दुसराच आवडला होता. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, आवडला ते विचारलं नव्हतं.

असे पाच-सहा रविवार गेले असतील. मग एका रविवारी तिनं आमच्या म्हशीच्या दुधाचे आकडे घातले. म्हणाली, आज झाकत नाही, आपलंच आहे. कंपनीच्या प्रोग्राममध्ये चित्र आलं. पहिला खांब छतापर्यंत, नंतरचे उतरत उतरत शेवटचा बोटाएवढा. मी बघत राहिलो. तिला काही बोलायचं होतं, तेवढ्यात हेडसरांनी बोलावलं म्हणून ती बाहेर गेली, आणि आली तर वीज गेलेली. तिला त्याच दुपारी ट्रेनिंगला नगरला जायचं होतं, एस्टीची घाई, ते बोलणं तिथंच राहिलं.

मी घरी आलो, म्हशीकडं बघितलं. कास बघितली. सकाळ-संध्याकाळ धार मीच काढत होतो. दूध जरासं कमी झालं होतं, हाताला माहीत होतं, गाभण म्हशीचं होतंच. पण डोळ्यापुढं तो बोटाएवढा खांब. मशीननं दाखवलंय. मला वाटलं, माझ्या हाताला कळत नाही असं काहीतरी हिच्यात शिरलंय, दोन आठवड्यांत ही पार आटणार आणि मग हिला कोणी दारात उभी करणार नाही. बाई आठवडाभर नगरलाच मुक्कामी होती. शुक्रवारी पहाटे मी म्हैस टेम्पोत घातली आणि घोडेगावच्या बाजारात नेली. दलालानं रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला. दावं मी सोडून घेतलं, जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. ते हातात घेऊन एस्टीनं घरी आलो.

संध्याकाळी बाई आली. पिशवी ओट्यावर ठेवली, गोठ्यात डोकावली आणि विचारलं, म्हैस कुठं बांधली.

"इकली," मी म्हणालो.

"का?"

"तूच तर दाखवलं. आटत चालली हुती."

ती खाली बसली, शेणाच्या जमिनीवरच, ट्रेनिंगला नेसलेल्या साडीत. मग म्हणाली, "अहो, अर्ध्या लिटरचा फरक होता तो. त्या प्रोग्रामनं खालचं सगळं कापलं होतं. मी तेच सांगणार होते."

मी म्हणालो, "मग बोलली का न्हाईस?"

"वीज गेली."

मला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. ती एकदम हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसत होती, तेव्हा नक्की काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या शुक्रवारी मी परत घोडेगावला गेलो, दलालाला गाठलं. म्हैस तिथूनच मुंबईच्या तबेल्याला गेली होती. बाई म्हणाली, "जाऊ द्या. चूक तुमची नाही. चूक चित्राची आहे आणि चित्र मी दाखवलं." तिनं मला कधी टोमणा मारला नाही. एवढं मात्र केलं की ती गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली. मी रस्त्यानं निघालो की पोरं विचारायची, "मामा, म्हैस कशीय?" मला राग यायचा. मी तिला म्हणालो, नवऱ्याची अब्रू काढतीस वर्गात. ती म्हणाली, "धडा तुम्ही दिलाय. मी नुसता वाचून दाखवते."

संस्थेची बैठक नगरला होती. बाईनं मलाही नेलं. हेडसर म्हणाले, यांचं काय काम. ती म्हणाली, साक्षीदार आहेत. टेबलाभोवती सेक्रेटरी, तीन-चार सभासद, कंपनीचा माणूस कोट घालून. त्यानं आधी मशीनवर खांब गोल गोल फिरवून दाखवले. सगळ्यांना आवडले. मग बाईनं दोन कागद ठेवले, एक साध्या प्रोग्रामचा, एक कंपनीचा. दोन्हीवर आमच्या म्हशीचं दूध. एकावर सगळे खांब जवळपास सारखे, दुसऱ्यावर पहिला राजा आणि शेवटचा भिकारी. मग तिनं म्हैस विकल्याचं सांगितलं, माझ्याकडं बोट करून.

सभासद हसले. मी मान खाली घातली. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांच्या दावणीला म्हशी होत्या, त्यांना ते लागलं असावं. ते मला म्हणाले, "मामा, धार कोण काढायचं?"

"मीच, साहेब."

"मग हाताला कळत नव्हतं?"

"कळत हुतं. पन मशीन म्हन्तंय म्हणल्यावर हाताचं कोन ऐकतं?"

पुन्हा कोणीतरी हसलं. बाई उभी राहिली. बोलताना तिचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाली, "हाच माझा अभिप्राय. रोज धार काढणाऱ्या माणसाला या चित्रानं फसवलं. माझ्या सातवीच्या वर्गातल्या पोरीनं तर अजून काहीच हातात धरलेलं नाही. तिला मशीन दाखवील तेच खरं."

सेक्रेटरींनी कंपनीच्या माणसाला विचारलं, हे खालून कापायचं बंद होईल का. तो म्हणाला, होईल, पण आपोआप नाही. प्रत्येक चित्राला बाजूच्या मापात जाऊन सुरुवातीला शून्य टाईप करावं लागतं. दर वेळी हातानं. हे त्यानं जरा खाली मान घालून सांगितलं. आणि प्रोग्राम मशीनच्या ऑर्डरीत आलेला आहे, तो वेगळा काढून परत घेता येणार नाही, हेही सांगितलं.

मला वाटलं बाई आता भांडणार. ती म्हणाली, "मग हाच घ्या."

"अहो, मग साधा कशाला दाखवलात?" हेडसर म्हणाले.

"साध्यात शून्य आपोआप येतं," ती म्हणाली, "पोरांना ते आहे हेच कळणार नाही. यात दर वेळी हातानं घालावं लागेल. हातानं केलेलं विसरत नाही. फक्त एक अट. कुठल्याही शाळेत पहिल्या तासाला प्रत्येक पोरानं आपल्या हातानं शून्य घालायचं. आधी न घालता चित्र बघायचं, मग घालून बघायचं. नुसतं सांगून नाही."

सेक्रेटरी म्हणाले, मशीन एक आणि पोरं शेकड्यानं, कसं जमायचं. एवढा वेळ कुठल्या शाळेला आहे. बाई म्हणाली, जमतं. मग ते म्हणाले, बरं, तुमच्या शाळेत या वर्षात पाचवी ते सातवी सगळ्या वर्गांचं करून दाखवा. एकही तुकडी राहता कामा नये. झालं तर बाकी शाळांना तसं पत्रक काढतो. नाही झालं तर जो तो आपल्या पद्धतीनं शिकवील.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. ती म्हणाली, तुम्ही बरं बोललात. मी म्हणालो, मी माझी फजिती सांगितली. ती म्हणाली, कशापेक्षा फजिती. मी रिकामे ग्लास परत देऊन आलो.

त्या वर्षात ती फार राबली. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, शनिवारी दुपारी, जेव्हा वीज असेल तेव्हा. एकेक पोर मशीनपुढं बसवायचं. आधी चित्र बघ, काय दिसतंय सांग. मग बाजूला जा, शून्य घाल. आता बघ. पोरं आऽऽ करायची, तो आवाज पडद्याबाहेर ऐकू यायचा. मी बाहेर पायरीवर बसलेला असायचो, तिला घरी न्यायला. काही पोरांना बटणावर बोट ठेवायची भीती वाटायची. त्यांचं बोट ती हातात धरायची नाही. थांबायची. अर्धा अर्धा तास थांबायची एकेकासाठी. हेडसर वैतागायचे, बाई, तुम्हीच घाला की त्याचं, पुढं जाऊ. ती म्हणायची, मी घातलं तर ते माझं शून्य झालं.

मध्ये तिची छाती दुखायला लागली. नगरला दाखवलं. डॉक्टरनं विश्रांती सांगितली. मी सांगितलं, रजा टाक. ती म्हणाली, तुकड्या राहिल्यात. पाचवीच्या झाल्या, सहावीच्या झाल्या, सातवी अ झाली. हिवाळ्याच्या शेवटी एकच सातवी ब राहिली होती.

ढाळा खाऊन घरी आलो त्या दिवशी तिनं चूल पेटवली आणि म्हणाली, जरा पडते. मी बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेलो. आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, घामानं भिजलेली. मी जीप बघायला पळालो. जीप मिळाली, घेऊन आलो, पण तोवर काही राहिलं नव्हतं. दिवेलागणीची वेळ होती. लेक पुण्यात, तिला एस्टीडीवरून कळवलं. ती आल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही असं ठरलं. बाया बसून राहिल्या, वंदना म्हणत राहिल्या. मी पण बसलो.

सकाळी उजाडल्यावर कुणीतरी म्हणालं, शाळेला कळलंय, प्रार्थनेला शोकसभा घेऊन शाळा सोडणार आहेत, सगळी पोरं इकडं येणार आहेत. तेव्हा मला सुचलं. तिची पर्स खुंटीला होती. त्यात कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली होती. ती घेतली आणि लुना बाहेर काढली. माझा भाऊ आडवा आला. अशा वेळी घर सोडून कुठं चाललास, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, आलोच. त्यानं गाडीचं हँडल धरलं. मी त्याला म्हणालो, "तिचं काम हाय. सोड."

शाळेत पोरं रांगेत उभी होती, प्रार्थना झाली होती. हेडसर माइकपुढं बोलायला उभे राहिले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. ते माझा हात धरून रडायला लागले. मी म्हणालो, "सर, शाळा सोडू नका."

ते म्हणाले, "अहो, बाई गेल्या."

"गेल्या. पन आज सातवी 'ब'चा नंबर हाय. वीज बी हाय."

"आज कोण घेणार?"

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे पुसले आणि किल्ली मुठीत धरली. मग माइकवर फक्त एवढंच म्हणाले की दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे, आणि नंतर सगळे आपापल्या वर्गात जातील, सातवी ब कॉम्प्युटरच्या खोलीत येईल. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मीही पोरांबरोबर उभा राहिलो. मग हेडसरांनी दाराशी चपला काढल्या आणि आत गेले. पोरं एकेक करून आत गेली. मी पायरीवर बसलो. पहिल्या पोरीला फार वेळ लागला. आतून हेडसरांचा आवाज आला, घाई नाही बाळ, तूच घाल. मग बऱ्याच वेळानं, बाईच्या वेळी यायचा तसा आऽऽ आवाज आला.

शेवटचं पोर बाहेर येईपर्यंत मी थांबलो. घरी सगळे वाट बघत असणार, लेकही येऊन पोचली असणार, तरी थांबलो. हेडसर बाहेर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "झालं. सगळ्यांचं झालं. मी सेक्रेटरींना आजच कळवतो." मी मान हलवली.

मग लुना चालू केली आणि एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिलो. मागं वजन बसलं की गाडी थोडी खाली दबायची, तेव्हा मी सोडायचो. तशीच वाट बघत उभा होतो. इंजिन चालू होतं. एका पोरानं वर्गाच्या खिडकीतून बघितलं. मग मी पाय उचलला आणि घरी गेलो.